छीतरच्या टेकडीवरचं दुष्काळी काम

जोधपूरच्या उमेदभवनाच्या तीन वाटण्या झालेल्या आहेत. एका भागात पूर्वीचं राजघराणं राहतं. दुसऱ्या भागात ताज समूह हॉटेल चालवतो. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची अख्खी राजस्थान सहल निघावी. उरलेल्या भागात संग्रहालय आहे, तिथे मात्र तिकीट काढलं की कुणालाही जाता येतं. मराठी मंडळी जोधपूरला येतात तेव्हा मेहरानगड मन लावून बघतात, घंटाघरापाशी मिरची वडा खातात आणि उमेदभवनाला कसाबसा पाऊण तास देतात. बाहेर मांडलेल्या जुन्या मोटारींसमोर फोटो काढले, की बस पुढच्या ठिकाणाला निघते. मला या राजवाड्याला ऐसपैस वेळ द्यायचा होता, आणि त्याला कारण होते माझे काका.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. 1972 च्या दुष्काळात ते नोकरीला नवे होते आणि नगर जिल्ह्यात पाझर तलावांच्या कामावर त्यांनी मस्टर सांभाळलं होतं. खडी फोडणाऱ्या बायका, मिलोच्या लाल भाकऱ्या, पोरांना वाटायची सुकडी हे सगळं त्यांच्या बोलण्यात अजून काल-परवाचं असतं. उमेदभवन हे मुळात दुष्काळी काम म्हणून उभं राहिलं, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "राजवाडा? दुष्काळी काम म्हणून? चल, बघू या तरी," म्हणाले.

सर्किट हाउसच्या रस्त्याने रिक्षा वर चढू लागली की टेकडीच्या माथ्यावर तो घुमट दिसायला लागतो. या टेकडीचं नाव छीतर. तिथे वापरलेल्या पिवळसर वालुकाश्मालाही जोधपुरात छीतरचा दगड म्हणतात, आणि जुनी माणसं राजवाड्याला अजून छीतर पॅलेसच म्हणतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो दगड जवळजवळ साईच्या रंगाचा दिसतो, दुपारी पांढुरका पडतो आणि संध्याकाळी तांबूस होतो. जोधपूर म्हटलं की निळी घरं डोळ्यांपुढे येतात; पण शहराच्या या बाजूला निळ्याचा मागमूस नाही.

मारवाडला दुष्काळ नवा नाही. राव जोधाने 1459 मध्ये मेहरानगडाचा पाया घातला, तेव्हा त्या डोंगरावर राहणाऱ्या चिडियानाथ नावाच्या जोग्याला तिथून उठवलं आणि जाताना त्याने पाण्याच्या दुर्भिक्षाचा शाप दिला, अशी कथा जोधपुरात कुणीही सांगतं. शापाचं राहू द्या. पाऊस कमी आणि तोही लहरी, हे मात्र खरं. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा दुष्काळ तर इतका भीषण होता, की 'छप्पनिया' हे त्याचं नाव त्या भागातल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. पुढे 1920 च्या दशकातही अवर्षणाची वर्षं पाठोपाठ आली. गादीवर महाराजा उमेदसिंह होते. रयतेला काम द्यायचं म्हणून त्यांनी राजवाडा बांधायला काढला आणि 18 नोव्हेंबर 1929 रोजी पाया घातला. बांधकाम 1943 पर्यंत चाललं. दोन ते तीन हजार माणसं त्यावर राबत होती.

दुष्काळात इमारत बांधून लोकांना पोसण्याची ही पहिली वेळ नव्हे. लखनौचा बडा इमामबाडा 1784 च्या दुष्काळात नवाब असफउद्दौल्याने असाच बांधायला घेतला होता. पण इमामबाडा निदान सार्वजनिक होता. उमेदभवनात 347 खोल्या आहेत आणि त्या एका कुटुंबासाठी होत्या.

संग्रहालयात शिरण्याआधीच काकांनी माझा दंड धरून मला भिंतीकडे नेलं. दोन दगडांमधल्या सांध्यावर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं नाही. "चुना कुठाय?" ते म्हणाले. चुना नाहीच. या राजवाड्याची हीच खरी कारागिरी आहे. एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात नेमकं बसेल असं तोंड कोरायचं, आणि एकात एक अडकवत भिंत चढवत न्यायची. दगड जोडायला ना चुना, ना सिमेंट. दगड सूरसागरच्या खाणींतून यायचा आणि तो आणायला खास रूळ टाकले होते. असे जड दगड खाचेत बसवायचे कसे? वरून सोडताना काठ फुटला तर सगळी मेहनत फुकट. म्हणून म्हणे खालच्या दगडावर बर्फाच्या लाद्या ठेवत, त्यावर वरचा दगड टेकवत आणि बर्फ वितळेल तसा तो आपसूक हळूहळू खाली उतरत जागेवर बसे. बर्फाची ही गोष्ट ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोकं आहे. पण अरे, हे दुष्काळी कामावरच्या माणसाचं काम नव्हे. हे पाथरवटाचं काम. शेतावरून उठून आलेल्या माणसाच्या हातात तू घमेलं देऊ शकतोस, टाकी नाही देऊ शकत."

त्यांचा मुद्दा मला पटला, आणि पुढे सगळा राजवाडा मी त्याच नजरेने पाहिला. भिंतीतली नक्षी, कोपरे, कमानी हे कसबी हातांचं. ज्याला आपण दुष्काळी काम म्हणतो ते आता डोळ्यांना दिसतच नाही: खडक फोडून केलेली सपाटी, रुळांचा भराव, आणि बागेसाठी खालून वाहून आणलेली माती. छीतरची टेकडी म्हणजे नुसता खडक. तिच्यावर आज जी हिरवळ आणि झाडं दिसतात, त्यांच्या मुळांना मातीसुद्धा बाहेरून आणून द्यावी लागली. राजवाड्याचा परिसर 26 एकरांचा आणि त्यातली 15 एकर बाग. घमेली उचलणाऱ्यांनी काय केलं ते या बागेखाली गाडलेलं आहे.

संग्रहालय आटोपशीर आहे. राजवाड्याची प्रतिकृती, नकाशे, बांधकामाचे फोटो, राजघराण्याच्या तसबिरी, काचसामान. 1877 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने महाराजा जसवंतसिंहांना दिलेलं भलंमोठं निशाण आहे. घड्याळांचं दालन मला सगळ्यांत आवडलं. दीपगृहाच्या आकाराची घड्याळं मी आधी कुठे पाहिली नव्हती. समुद्रापासून इतक्या दूर, वाळवंटाच्या काठावर बसून कुणाला तरी दीपगृहाचं घड्याळ हवंसं वाटलं, याची मौज वाटते. काकांना मात्र घड्याळांत रस नव्हता. ते बांधकामाच्या फोटोंपाशी उभे राहून बायका किती, पुरुष किती, डोक्यावर काय आहे, पायात काही आहे का, हे निरखत होते. राजांची, वास्तुरचनाकाराची, पाहुण्यांची नावं संग्रहालयात ठिकठिकाणी आहेत. मस्टर कुठे दिसलं नाही. काकांनी तिथल्या रखवालदाराला तसं विचारलंही. त्याने अदबीने हात जोडले, "हुकम, वो तो नहीं है."

वास्तुरचनाकार होता हेन्री वॉन लँचेस्टर. लंडनचा मेथडिस्ट सेंट्रल हॉल आणि कार्डिफचा सिटी हॉल या इमारती त्याच्याच भागीदारीतल्या. नव्या दिल्लीत लुटियन्स व्हाइसरॉयच्या वाड्याचा घुमट चढवत होता, त्याच सुमाराला लँचेस्टर इथे काम करत होता, आणि दोन्ही इमारतींत एक नातं आहे: मधोमध घुमट, दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले हात, लांबून बघणाऱ्याला दबवणारी शिस्त. पण उमेदभवनात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, ती म्हणजे आर्ट डेको. मुंबईकरांना ही शैली परकी नाही. मरीन ड्राइव्हच्या गोलाकार गच्च्या, इरॉस आणि रीगल ही चित्रपटगृहं त्याच पठडीतली आणि त्याच दशकातली. फरक एवढाच, की मुंबईत ही शैली सिमेंट-काँक्रीटमधून आणि भाड्याच्या घरांतून आली. इथे ती कोरीव दगडातून आली.

आतलं सजावटीचं काम स्टेफान नोर्ब्लिन या पोलिश चित्रकाराच्या वाट्याला आलं, ते दुसऱ्या महायुद्धामुळे. राजवाड्याचं फर्निचर लंडनच्या मेपल कंपनीकडे बनवायला दिलं होतं आणि ते घेऊन येणारं जहाज 1942 मध्ये जर्मनांनी बुडवलं. इकडे नोर्ब्लिन 1939 मध्ये वॉर्सा सोडून पळाला होता. तिथे तो जाहिरातींच्या भित्तिपत्रकांसाठी नावाजलेला, त्याची बायको लेना झेलिखोव्स्का सिनेमातली नटी. दोघं रुमानिया, तुर्कस्तान, इराक असं करत भारतात पोचली. मोरवीच्या राजाकडे त्याने काम केलं आणि मग उमेदसिंहांनी त्याला बोलावून घेतलं. त्याने फर्निचरची नवी रेखाटनं केली आणि दालनांत भिंतींवर चित्रं काढली. सिंहासनाच्या दालनात त्याने रामायण रंगवलं. वॉर्साच्या माणसाच्या हातचे राम-लक्ष्मण बघताना गंमत वाटते: दागिने, मुकुट आपले, पण अंगांची लांब, ताणलेली रेघ थेट युरोपातल्या भित्तिपत्रकांतली.

याच युद्धाने सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आणून सोडले होते. 1943 ते 1948 ते तिथल्या छावणीत राहिले. त्यांच्या वाट्याला बराकी आल्या, नोर्ब्लिनच्या वाट्याला राजवाडा. पण शेवट त्याचाही चांगला झाला नाही. 1946 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने आत्महत्या केली. त्याची जोधपूरची चित्रं खराब होत चालली होती. पुढे पोलंडहून तज्ज्ञ आले आणि त्यांनी ती दुरुस्त केली.

हॉटेलच्या भागात मुक्कामी नसलेल्या माणसाला सहज सोडत नाहीत. आधी फोन करून जेवणासाठी टेबल राखून ठेवावं लागतं, आणि माणशी अमुक एक रक्कम खर्च झालीच पाहिजे असाही नियम असू शकतो. हे नियम बदलत असतात, तेव्हा जाण्याआधी विचारून घेतलेलं बरं. आम्ही दुपारचं टेबल घेतलं होतं. फाटकावर यादीत नाव बघून आत सोडलं.

आणि मग घुमटाखाली उभे राहिलो. संग्रहालय बघून आलेल्या माणसाला याची काहीच कल्पना येत नाही. बाहेरून राजवाडा भारदस्त आहे, आतून तो पोकळ आहे, आणि ही पोकळीच त्याची श्रीमंती. घुमट दुहेरी, आतला शंभर फुटांहून उंच, आणि त्याच्यावर बाहेरचा आणखी वर गेलेला. दोन्ही बाजूंनी संगमरवरी जिने वळत वर चढतात. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत अंगावर शहारा यावा असा गारवा. वातानुकूलन आहेच, पण जाड दगडी भिंती, कोंडलेली हवा वर ओढून घेणारी ती उंची आणि सावलीतले लांब सोपे यांचंही ते काम आहे. तळघरात पोहण्याचा तलाव आहे आणि त्यावर बारा राशींची चिन्हं आहेत. तो मुक्कामी पाहुण्यांसाठीच आहे, आम्ही बघितला नाही. दुष्काळात काढलेल्या कामात जमिनीखाली पोहण्याचा तलाव! काका हे ऐकून एवढंच म्हणाले, "वरून बाष्पीभवन तरी होत नसेल."

जेवण पिलर्स नावाच्या उपाहारगृहात होतं. नावाप्रमाणे खांबांची उघडी ओसरी, समोर उतरत गेलेली हिरवळ, तिच्यावर निवांत फिरणारे मोर आणि लांबवर मेहरानगड. वाढपी इतका हळू बोलायचा की काकांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे. मी केर-सांगरी मागवली. केर म्हणजे वाळवंटी झुडपाची आंबट-कडू फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. दोन्ही वाळवून वर्षानुवर्षं ठेवता येतात आणि पावसाने दगा दिला तरी खेजडी तग धरते, म्हणून मारवाडच्या गरिबाचा हा आधार. मोठ्या दुष्काळांत तर लोकांनी खेजडीची साल दळून खाल्ली आहे. आता तीच भाजी नक्षीदार ताटलीत, वर तुपाची धार घेऊन आली. चवीला उत्तम होती: आधी आंबट, मग तिखट, आणि शेवटी शेंगेचा थोडा मातकट स्वाद. काकांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "आमच्याकडे मिलोची भाकरी अशी ताटलीत मांडून विकायचं कुणाला सुचलं नाही." बिल बघून त्यांनी ते उलटं करून ठेवलं.

ज्याच्यासाठी हे सगळं बांधलं, तो इथे जेमतेम चार वर्षं राहिला. उमेदसिंह जून 1947 मध्ये अबूला वारले. त्यांचे चिरंजीव हनवंतसिंह 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उभे राहिले, आणि निकाल हाती येण्याआधीच 26 जानेवारी 1952 रोजी विमान अपघातात गेले. विमान ते स्वतः चालवत होते. त्यांच्यासोबत त्यांची पत्नी झुबेदाही गेली; श्याम बेनेगल यांचा 'झुबेदा' हा चित्रपट तिच्यावरचा, आणि तो लिहिणारे खालिद मोहंमद तिचेच चिरंजीव. चार वर्षांचे गजसिंह गादीवर बसले. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एवढा डोलारा सांभाळायचा कसा, या प्रश्नाला गजसिंहांनी त्या दशकात हॉटेलचं उत्तर शोधलं. 2005 पासून ते ताजकडे आहे. अनेक संस्थानिकांचे वाडे या काळात भाडेकरूंनी आणि वटवाघळांनी ताब्यात घेतले. त्या मानाने ही सोय व्यवहारी म्हणायला हवी: दगड शाबूत आहे, चित्रं शाबूत आहेत, आणि कित्येकांना पगार मिळतो आहे.

पण राजवाडा बांधणं हे दुष्काळावरचं उत्तर होतं का? या प्रश्नावर आमचा ओसरीवर चांगलाच वाद झाला. काकांचं म्हणणं सरळ होतं: दुष्काळी कामाने दोन गोष्टी कराव्यात, आज मजुरी द्यावी आणि उद्या पाणी. राजवाड्याने पहिली केली, दुसरी नाही. मी म्हटलं, चौदा वर्षं सलग रोजगार देणारं काम आपल्याकडे तरी किती वेळा निघालं? अर्धवट पाझर तलाव आणि कुठेच न पोचणारे रस्ते आपणही बघितले आहेत. शिवाय हा दगड कोरणारे हात टिकले ते अशा कामांमुळे. काका म्हणाले, "मजुरी दिली, हे मान्य. पण मजुरी मिळाली म्हणून माणूस गप्प बसतो, आणि मालक त्याला उपकार म्हणतो. आमच्याकडे लोक मस्टर तपासायला यायचे, भांडायचे. पुढे 1977 ला कामाच्या हक्काचा कायदा झाला. इथे कुणाला विचारायची सोय होती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं या राजवाड्याकडेही नाही. उमेदसिंहांच्या बाजूने मात्र एक गोष्ट बोलता येते, आणि तीही पाण्याचीच. जवाई नदीवरचं धरण बांधायला त्यांनीच 1946 मध्ये सुरुवात केली. ते पूर्ण होऊन पाणी साठायला 1957 उजाडलं, म्हणजे ते पाहायला उमेदसिंह नव्हते. पाली जिल्हा आजही त्या धरणावर अवलंबून आहे. जोधपूर शहराची तहान आता इंदिरा गांधी कालव्यातून उपसून आणलेलं पाणी भागवतं. हिमालयातल्या नद्यांचं पाणी थेट मारवाडात. छीतरवरच्या त्या हिरवळीकडे बघताना हे लक्षात ठेवावं.

परतीची गाडी सूर्यनगरी एक्सप्रेस होती, वांद्र्याला सकाळी पोचवणारी. पाली मागे पडलं, मारवाड जंक्शन आलं, जेवणं झाली, दिवे मालवले गेले. गाडी एका स्थानकावर थांबली तसे काका उठून दारापाशी गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. फलाटावरच्या पाटीवर लिहिलं होतं, जवाई बांध. फलाटावर उतरून त्यांनी चहावाल्याला विचारून घेतलं: इथून धरण किती लांब, रिक्षा मिळते का, आत सोडतात का. गाडीने शिटी दिली तरी त्यांचं विचारणं चालूच होतं.

"पुढच्या खेपेला इथे उतरायचं," धावत डब्यात चढल्यावर ते म्हणाले. "आणि हॉटेलचं जेवण तू दे, रिक्षा मी देतो."